भिंगरी ताऱ्यासाठी दहा रात्री

आफ्रिकेला जाऊन आले म्हटलं की लोक आधी सिंहाचं विचारतात. सिंह मी पाहिला नाही. हत्ती नाही, जिराफही नाही. मी गेले ते एका बोडक्या डोंगरावर. तिथं दहा रात्री राहिले, नातीचे लंगोट धुतले, आणि माझ्या मुलीनं एका ताऱ्याच्या पाठीमागं जिवाचं रान केलं ते जवळून बघितलं.

मी उचगावची. कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते. आमचे मालक शिरोलीच्या एका फौंड्रीत फोरमन. मुलगी प्रज्ञा पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. तिला दक्षिण आफ्रिकेतल्या एका वेधशाळेत दहा रात्रींची वेळ मिळाली तेव्हा तिची लेक मैत्री सात महिन्यांची होती, अंगावर पिणारी. जावयांना रजा नव्हती. प्रज्ञानं फोन केला आणि आडवळणानं विचारलं, "आई, तुला थंडी सोसते का गं?"

"कुठली थंडी? जून लागलाय."

"तिकडं जूनमध्ये थंडी असते."

आमचे मालक शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "जा की. तीस वर्सं नाईट ड्युटी केलीस, तुला रात्रीचं काय नवीन हाय? आणि पोरगीला दुसरं कोण हाय?" हे २००८ सालचं.

कारू

विमानाचं सांगत बसत नाही. बसलो, जेवलो, मैत्री रडली, उतरलो. केप टाउनपासून गाडीनं चार-साडेचार तास आत गेलं की कारू नावाचा उजाड मुलूख लागतो. माण-खटावचा माळ आठवा. त्यातली झाडं काढून टाका, गावं काढून टाका, आणि उरलेल्या दगडांवर मेंढरं सोडा. मैलोन्‌मैल तारेचं कुंपण आणि मेंढरं. मी प्रज्ञाला विचारलं, "ही मेंढरं खातात तरी काय?" ती म्हणाली, "आई, मला ताऱ्यांचं विचार." पण खरंच, पंचगंगेच्या काठच्या उसात वाढलेल्या माणसाचा एवढी कोरडी जमीन बघून घसा कोरडा पडतो.

डोंगरमाथ्यावर पांढरे घुमट. बरेच आहेत, लांबून अळंब्या उगवल्यासारखे दिसतात. खाली राहायची जागा. मुलासकट राहायला खास परवानगी काढलेली होती. खोल्यांना काळे जाड पडदे, कारण इथली माणसं दिवसा झोपतात. माझ्यासारख्या बाईला हे घरच्यासारखंच. नाईट ड्युटी करून आल्यावर मी खिडकीला चादर लावून झोपायची, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "सिस्टरबाई, दिवसाढवळ्या झोपतायसा व्हय?" इथं सगळा डोंगरच दिवसाढवळ्या झोपलेला.

नियम एकच, पण कडक. अंधार पडल्यावर उजेड करायचा नाही. गाड्यासुद्धा मोठे दिवे बंद ठेवून मुंगीच्या पावलानं चालतात. पहिल्याच रात्री मी मैत्रीची दुधाची बाटली गाडीत राहिली म्हणून बॅटरी घेऊन बाहेर पडले, तर अंधारातून कोणीतरी असं ओरडलं की मी बॅटरी पदराखाली धरून पळत आत आले.

आणि दिशांची गंमत. सकाळी लंगोट धुऊन मी नेहमीच्या अंदाजानं इमारतीच्या दक्षिणेला वाळत घातले. आपल्याकडं थंडीत दक्षिणेलाच ऊन येतं. तासाभरानं बघते तर सगळे पापडासारखे कडक, बोटानं वाजवले तर वाजतील! स्वयंपाकघरातली लेना हसत बाहेर आली, तिनं माझा हात धरला आणि मला इमारतीच्या उत्तरेला नेऊन उभं केलं. तिथं छान ऊन. या मुलखात सूर्य उत्तरेकडून जातो. शाळेत शिकले होते, पण लंगोट गोठल्याशिवाय काही डोक्यात शिरत नाही. चंद्रसुद्धा उलटा. त्यातला ससा पाठीवर पडलेला.

तारा आणि ईसीजी

लेनाचं पुढं सांगते, आधी ताऱ्याचं.

दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह असतात. ते दिसत नाहीत. ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून संशय येतो. मग खात्री करायची. ग्रह ताऱ्याला थोडा ओढतो, तारा थोडा डुलतो. ताऱ्याच्या उजेडाचे रंग पसरून बघितले की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा डुलला की रेघा हलतात. त्यांचं हलणं मोजायचं, म्हणजे ग्रहाचं वजन कळतं.

"मग मोज की," मी म्हणाले.

"तीच तर अडचण आहे, आई. हा तारा स्वतःभोवती भयंकर जोरात फिरतो. आपल्या सूर्याला एका गिरकीला पंचवीस-सव्वीस दिवस लागतात, याला एक दिवससुद्धा लागत नाही. त्यामुळं सगळ्या रेघा पसरून पुसट होतात."

मला चटकन कळलं. थंडीतापानं कुडकुडणाऱ्या पेशंटचा ईसीजी काढायला गेलं की कागदावर नुसती करवत उमटते. डॉक्टर म्हणतात, राहू दे, आधी ह्याला शांत करा. पण ताऱ्याला शांत कोण करणार? म्हणून प्रज्ञाच्या गटानं असे भिंगरीसारखे फिरणारे सगळे तारे यादीतून काढून टाकले होते. वेळ थोडी, दुर्बिणी थोड्या, असल्यांच्या नादी कोण लागणार. हा एक प्रज्ञानं उचलून परत यादीत ठेवला. गुरूएवढा मोठा ग्रह याला इतक्या जवळून फेऱ्या मारतोय, की त्याचं वर्ष आपल्या दोन दिवसांचंही नाही, असं तिचं म्हणणं. गटप्रमुख म्हणाले होते, "दहा रात्री देतो. नाही झालं तर विषय संपला." बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावरचं तिचं हे पहिलं काम. ती रजेत मागं पडली असं दोन-चार जण बोलले होते, ते तिनं मला नंतर सांगितलं.

वजन मोजायचं नव्हतंच. तिची युक्ती वेगळी होती. फिरणाऱ्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडं येत असते, तिचा उजेड किंचित निळ्याकडं झुकतो; दुसरी लांब जात असते, तिचा तांबड्याकडं. ग्रह सहसा तारा फिरतो त्याच दिशेनं फिरतो, म्हणून समोरून जाताना आधी येणारी बाजू झाकणार, मग जाणारी. त्यामुळं पसरलेल्या रेघेत एक बारीक खूण या टोकाकडून त्या टोकाकडं सरकत जाणार. ती खूण सापडली तर समोरून गेलेला ग्रहच, दुसरं काही नाही. तारा जोरात फिरतो म्हणूनच ही खूण दिसू शकते.

दहा रात्रींत ग्रह रात्री समोरून जाणार असे मोके तीनच. प्रत्येक वेळी साधारण तीन तास. तिसरी, सहावी आणि नववी रात्र.

तिसऱ्या रात्री ढग आले. प्रज्ञा पहाटेपर्यंत वर बसून राहिली आणि नाक लाल करून परत आली. मी गरम पाण्याची पिशवी तिच्या पायाशी सरकवली.

लेनाचं स्वयंपाकघर

लेना माझ्याच वयाची. रंगानं तुमच्या-आमच्यासारखी. कारूचं मटण ती तीन पायांच्या लोखंडी भांड्यात निखाऱ्यावर तासन्‌तास शिजवते, आणि त्यात तिखट घालत नाही. मटण असं की हाड हलवलं की सुटतं. ती मेंढरं माळावरची वासाची झुडपं खातात, तो वास मटणाला येतो. पण तिखट नाही! मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी डब्यातली कांदा-लसणाची चटणी नेऊन तिच्यासमोर ठेवली. तिनं बोटाच्या टोकावर घेतली, चाखली, खुर्चीत बसली, पाणी प्याली, आणि परत बोट बुडवलं. तिथून आमची गट्टी. माझं इंग्रजी दवाखान्यातलं, तिचं शेतावरचं, पण जमायचं.

एका दुपारी ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "माझी आई एका गोऱ्याच्या शेतावर स्वयंपाक करायची. सगळ्या घराचं जेवण तिच्या हातचं, पण घरात शिरायचं ते मागच्या दारानं. तिचा चहाचा पत्र्याचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा."

मी दुसरा बटाटा उचलला. "आमची आई पाटलाकडं कामाला जायची," मी म्हणाले. "तिची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असायची. चहा वरून ओतायचे."

लेनानं माझ्याकडं नीट बघितलं. "पण तुमच्यात सगळे एकाच रंगाचे की. मग कळायचं कसं?"

"आडनावावरून."

ती इतकी हसली की तिला डोळे पुसायला लागले. "देवा! आमच्याकडं निदान बघून कळायचं. तुमच्याकडं विचारायची मेहनतसुद्धा घेतात!"

मीही हसले. दोघीही हसत राहिलो, आणि मग परत बटाटे सोलायला लागलो.

सहावी रात्र

संध्याकाळी मैत्रीचं अंग तापलं. एकशे दोन. नाक वाहत होतं, चिडचिड करत होती, पण दूध ओढत होती. मी तिचे श्वास मोजले, मिनिटाला चाळीस. पन्नासच्या आत, श्वास घेताना छातीत खड्डा नाही, म्हणजे न्यूमोनिया नाही. ड्रॉप्समधलं तापाचं औषध दिलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. वॉर्डात असली पोरं मी एका वेळी वीस-वीस सांभाळली आहेत.

"सर्दी आहे," मी प्रज्ञाला म्हणाले. "मी आहे इथं. तू जा वर."

ती कोट घालून दारात उभी होती. बाहेर आभाळ असं स्वच्छ की वृश्चिकाची नांगी हातानं मोडून घ्यावी. ती जाईना.

"अगं, जा की! तीनच तर मोके. मी नर्स हाय का कोण हाय?"

"मला गोवर आला होता तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस," ती म्हणाली. "बाबा आहेत इथं, तापच आहे, असं. आणि ड्युटीवर गेलीस. मी सकाळपर्यंत दाराकडं बघत पडले होते."

मला ती रात्र आठवत होती. प्रज्ञा सहा वर्षांची. गॅस्ट्रोची साथ, वॉर्डात खाटा संपून पोरं जमिनीवर निजवलेली, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला बांधलेल्या. मी गेले नसते तर दोन जणींवर सगळा वॉर्ड पडला असता. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण ती दाराकडं बघत होती हे मला तेवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"कोट काढ," मी म्हणाले. "थांब तू."

तिनं वर फोन करून सांगितलं. तिच्या वाटणीची दुर्बीण दुसऱ्या एका संशोधकानं आनंदानं घेतली. मैत्री तिच्या छातीवर झोपली. मी खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं प्रज्ञानं विचारलं, "त्या रात्री वॉर्डात किती पोरं होती गं?"

मी सांगत गेले, ती ऐकत गेली. किती वाचली, कोण गेलं, कुणाच्या आईनं माझ्या हाताचा चावा घेतला. हे मी घरी कधी काढलं नव्हतं. पहाटे ताप उतरला, मैत्री घामानं ओली झाली आणि हसायला लागली. नको तेव्हा हसणं ही नातीची खास विद्या.

नववी रात्र

शेवटचा मोका. दुपारपासून वारा सुटलेला. वारा ठरलेल्या हद्दीपलीकडं गेला की घुमट मिटावा लागतो, तिथं कुणाची विनवणी चालत नाही. लेना संध्याकाळी विणकामाची पिशवी घेऊन आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाळाजवळ मी बसते. दूध दाखवून ठेवा. तुम्ही पोरीबरोबर जा. आईनं एकदा तरी बघावं पोरगी काय करते ते."

वर घुमटाच्या पोटात हुडहुडी भरणारा गारठा. ती दुर्बीण पुण्याच्या बसएवढी वाटली. आम्ही मात्र बाजूच्या उबदार खोलीत, पडद्यांसमोर. दुर्बिणीला डोळा लावून कोणी बसत नाही, हे बघून मी थोडी खट्टू झाले. प्रज्ञा तारा एका केसाएवढ्या जागेत धरून ठेवत होती, वाऱ्यानं तो सारखा निसटत होता. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, वही घे. मी 'सुरू' म्हणाले की नंबर आणि वेळ लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

हे काम मला येत होतं. नंबर, वेळ, शेरा. नंबर, वेळ, शेरा. दोन तास तिनं मान वळवली नाही. वाऱ्याचा आकडा वर जायचा, खाली यायचा. तिथला तंत्रज्ञ, सहा फुटी पीटर नावाचा माणूस, त्या आकड्याकडं बघत नखं खात होता. अडीच तासांवर आकडा हद्दीला टेकला. पीटर म्हणाला, "आणखी एक." ते झालं. मग तो उठला आणि त्यानं घुमट मिटला.

"पुरलं का गं?" मी विचारलं.

"माहीत नाही," प्रज्ञा म्हणाली.

तांबड्याकडून निळ्याकडं

ती झोपली नाही. सकाळी दहा वाजता मी मैत्रीला घेऊन जेवणघरात गेले तर ती लॅपटॉपसमोर, समोर चहाचे तीन थंड कप. चेहरा उतरलेला.

"खूण नाही सापडली?"

"सापडली. स्पष्ट सापडली. पण उलटी. निळ्याकडून तांबड्याकडं जायला पाहिजे, ती तांबड्याकडून निळ्याकडं जातेय. मी फाइली उलट लावल्या असणार, नाहीतर कॉम्प्युटरचं घड्याळ गंडलं असणार. आई, तू वेळा नीट लिहिल्यास ना?"

मी वही तिच्यापुढं ठेवली नाही, माझ्याच हातात धरली. तीस वर्षं इंजेक्शनच्या वेळा लिहिल्यात मी. घड्याळ न बघता एक आकडा लिहिलेला नाही. "तू तुझी वेळ वाच," मी म्हणाले, "मी माझी वाचते."

ती वाचायला लागली. "पहिली, नऊ चौदा."

"बारा चव्वेचाळीस."

तिनं डोकं वर केलं. "काय?"

"बारा चव्वेचाळीस लिहिलंय."

"दुसरी नऊ सव्वीस."

"बारा छप्पन्न."

"आई, हे काय लिहिलंयस तू?"

मीही घाबरले. मग एकदम मनगटाकडं बघितलं आणि जीभ चावली. भिंतीवर दोन घड्याळं होती, त्यांतलं एक माणसांचं आणि एक ताऱ्यांचं म्हणे. मला भरवसा वाटला नाही, म्हणून मी माझ्या घड्याळात बघून लिहिलं होतं. आणि माझं घड्याळ मी बदललंच नव्हतं, मालकांना फोन कधी करायचा ते कळावं म्हणून. सगळी नोंद उचगावच्या वेळेनं!

प्रज्ञा आधी माझ्याकडं बघत राहिली. मग कागद ओढून साडेतीन तास वजा करायला लागली. पहिली जुळली. दुसरी जुळली. आम्ही शेवटच्या नोंदीपर्यंत गेलो. एकही चुकली नाही. तिच्या कॉम्प्युटरचं घड्याळ आणि माझं मनगटावरचं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि दोघं एकच सांगत होती.

"म्हणजे फाइली बरोबर आहेत," ती हळू म्हणाली. "म्हणजे तोच उलटा फिरतोय."

"कोण?"

"ग्रह. तारा एकीकडं फिरतोय आणि हा त्याच्या विरुद्ध फेऱ्या मारतोय." असलं काही तिनं तोवर ऐकलंही नव्हतं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग माझ्या कडेवरून मैत्रीला घेतलं आणि त्या थंडीत चपलासुद्धा न घालता बाहेर उन्हात गेली. लेना खिडकीतून बघून म्हणाली, "रडतेय की हसतेय?" मी म्हणाले, "मला पण इथून नीट दिसेना."

मालकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उलटा फिरतोय, आणि त्याला कोण काय म्हणत न्हाय?"

उचगाव

पण हे सांगायची बंदी होती. प्रज्ञाच्या गटप्रमुखांनी तिला शाबासकी दिली आणि लगेच बजावलं की दुसऱ्या दुर्बिणीनं पडताळल्याशिवाय एक शब्द बाहेर जाता कामा नये. बंदी मलाही लागू. उचगावात, जिथं सकाळी कुणाच्या घरी काय शिजलं ते दुपारी सगळ्यांना ठाऊक असतं, तिथं मी वर्षाहून जास्त काळ तोंड बंद ठेवलं. दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी विचारायच्या, विहारात बायका विचारायच्या, "आफ्रिकेत काय बघितलासा?" मी म्हणायची, "मेंढरं."

"आणि?"

"आणि काय न्हाय. लई मेंढरं."

लोकांना वाटलं, बाईचे पैसे पाण्यात गेले.

मधल्या काळात इतरांनाही दुसऱ्या ताऱ्यांभोवती असे उलटे ग्रह सापडले आणि जाहीरही झाले. प्रज्ञाचा पहिला ठरला नाही. तो दिवस तिला जड गेला असणार, फोनवर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ मैत्रीच्या दातांबद्दल बोलत होती. पण दुसऱ्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीनंही तीच खूण, त्याच दिशेनं सरकताना टिपली. निबंध छापून आला. गटप्रमुखांनी टाकलेल्या भिंगरी ताऱ्यांची सगळी यादी तिच्याकडं सोपवली.

वर्तमानपत्रात बातमी आली ती आतल्या पानावर, दोन बोटांएवढी. मी वाचायच्या आधी पलीकडच्या आळीतली शांताबाई पेपर फडकवत, अंगणातूनच ओरडत आली. "व्हय सिस्टरबाई, ही तुमची प्रज्ञाच न्हवं का? आफ्रिकेत ग्रह शोधला म्हणून लिवलंय! आणि तुमी आमास्नी वरीसभर मेंढरं बघितली म्हणून सांगितलासा की!"

"शांताबाई," मी म्हणाले, "मेंढरं बी हुती."